आशिया, क्रमांक ६७

आकाशात नवा ठिपका दिसला म्हणजे लघुग्रह सापडला, असा आपला समज असतो. बातम्याही तशाच येतात: अमक्याने अमुक रात्री नवा लघुग्रह पाहिला. प्रत्यक्षात ठिपका दिसणे ही कामाची सुरुवात असते. तो ठिपका कुठून आला, कुठे निघाला आहे आणि चार वर्षांनी नेमका कुठे सापडेल, हे सांगता आले की मगच त्याला सूर्यमालेत जागा मिळते. लघुग्रहाची ओळख म्हणजे त्याची कक्षा. त्याचा आकार, रंग, त्यातला दगड कोणत्या जातीचा, ही माहिती पुढे शंभर वर्षांनी मिळाली तरी चालते. कक्षा निसटली तर मात्र लघुग्रहही हातचा गेला.

हे नीट समजावे म्हणून एकच लघुग्रह जवळून पाहू. त्याचा क्रमांक ६७, नाव आशिया. १७ एप्रिल १८६१ रोजी तो मद्रासच्या वेधशाळेतून सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह. शोधणाऱ्याचे नाव नॉर्मन रॉबर्ट पॉगसन. हा माणूस मद्रासला येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

पॉगसन यांचा जन्म १८२९ मधला, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत साहाय्यक म्हणून काम करताना त्यांनी आयसिस, अरियाडनी आणि हेस्टिया असे तीन लघुग्रह शोधले होते. पण खगोलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचे नाव भेटते ते वेगळ्याच कारणासाठी. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती आपण वापरतो (पहिल्या प्रतीचा तारा, सहाव्या प्रतीचा तारा), त्यांना गणिती शिस्त लावली पॉगसन यांनी. ही वर्गवारी ग्रीकांपासून चालत आलेली, पण ती नजरेच्या अंदाजावर उभी होती. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून सुमारे शंभर पट तेजस्वी असतो, एवढे तोवर लक्षात आले होते. पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवले की हे प्रमाण बरोबर शंभर धरावे, म्हणजे दर पायरीला २.५१२ पट फरक पडेल. या आकड्याचा लॉगॅरिदम ०.४ येतो, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

ही सूचना त्यांनी कशाच्या निमित्ताने केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तो लेख ताऱ्यांवर नव्हताच. १८५७ सालातल्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला ३६ लघुग्रह किती प्रतीचे दिसतील, याचे कोष्टक त्यांना तयार करायचे होते. लघुग्रह सूर्यापासून आणि पृथ्वीपासून सतत जवळ-दूर होतो, त्याचे तेज बदलत राहते. ते आधी सांगायचे तर नजरेचा अंदाज उपयोगाचा नाही, सूत्रच हवे. आज सगळे जग ताऱ्यांसाठी आणि दीर्घिकांसाठी जी मोजपट्टी वापरते, ती लघुग्रहांचा पाठलाग सोपा व्हावा म्हणून तयार झाली.

मद्रासची वेधशाळा तेव्हाच जुनी झाली होती. विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये एग्मोरला स्वतःच्या हौसेखातर ती सुरू केली, पुढे कंपनीने ती ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला तिची इमारत उभी राहिली. त्या इमारतीतला ग्रॅनाइटचा भक्कम खांब आजही तिथल्या हवामान खात्याच्या आवारात आहे. ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणिती शास्त्रांचे रोप पहिल्यांदा लावले गेले, ही गोष्ट हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावी, अशा आशयाचा लेख त्यावर कोरायचे ठरले. हा दावा खोटा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. आर्यभट आणि भास्कराचार्यांच्या देशात, जयसिंहाच्या जंतरमंतरनंतर साठेक वर्षांनी हे लिहिले जात होते. पण वेधशाळेने केलेले काम खरे होते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी रेखांशाचा आधार मद्रासचा घेतला गेला. ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद, ही मद्रासची वेळ रेल्वेने आपली मानली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे अर्ध्या तासाने मागे होती. त्यामुळे कित्येक वर्षे मुंबईकराला गावाची वेळ एक आणि गाडीची वेळ दुसरी, असे दोन हिशेब सांभाळावे लागत. ती गाडीची वेळ नुंगमबाक्कमच्या ताऱ्यांच्या वेधांतून ठरत होती.

अशा ठिकाणी पॉगसन फेब्रुवारी १८६१ मध्ये सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून दाखल झाले.

आता एप्रिलच्या त्या रात्रीकडे येऊ. लघुग्रह शोधायला सर्वांत चांगली वेळ प्रतियुतीची. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवतो, मध्यरात्री आकाशात सर्वांत उंच येतो, पृथ्वीला सर्वांत जवळ असतो आणि म्हणून सर्वांत तेजस्वी दिसतो. एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या बरोबर समोरची बाजू कन्या राशीत, चित्रा नक्षत्राच्या परिसरात येते. ऑक्सफर्डहून हा भाग मध्यरात्रीही क्षितिजापासून जेमतेम २८ अंशांवर दिसतो. मद्रासहून तोच भाग ६६-६७ अंशांवर, जवळपास डोक्यावर येतो. मे-जूनमध्ये युरोपची अडचण आणखी वाढते. प्रतियुतीचा प्रदेश आणखी खाली उतरतो आणि उन्हाळ्याच्या रात्री इतक्या लहान होतात की आकाश नीट काळोखे होतच नाही. मद्रासला याच महिन्यांत, पावसाळा सुरू होण्याआधी, काळोखही मिळतो आणि उंचीही. पॉगसन यांनी मद्रासहून एकूण पाच लघुग्रह शोधले. त्यांतले तीन एप्रिल-मेमध्ये सापडले आहेत. हा निव्वळ योगायोग नसावा, असे मला वाटते.

दुर्बिणीतून पाहताना लघुग्रह आणि तारा यांत फरक दिसत नाही. चकती नाही, शेपूट नाही. आशिया चांगल्या प्रतियुतीला दहाव्या प्रतीच्या आसपास असतो. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, म्हणजे पॉगसन यांच्याच सूत्राने आशिया त्या मर्यादेहून सुमारे चाळीस पट फिका. अशा अंधूक ठिपक्यांच्या गर्दीत एक ठिपका परका आहे, हे ओळखायचे तर त्या भागाचा ताऱ्यांचा नकाशा आधी हाताशी हवा, आणि पुष्कळदा तो निरीक्षकाला स्वतःच रात्रीमागून रात्री बसून काढावा लागे. छायाचित्रणाची मदत अजून तीस वर्षे दूर होती. सगळे डोळा, कागद आणि पेन्सिल यांवर चालायचे.

नकाशात नसलेला ठिपका दिसला तरी शक्यता अनेक असतात. नकाशा काढताना तो तारा राहून गेला असेल. तो रूपविकारी तारा असेल, तेव्हा अंधूक होता आणि आता उजळला असेल. किंवा आधीच माहीत असलेला एखादा लघुग्रह वाट चुकल्यासारखा तिथे आला असेल. निवाडा गतीने होतो. प्रतियुतीच्या सुमारास पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने पुढे जाते आणि लघुग्रह मागे पडतो, म्हणून तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा, पश्चिमेकडे सरकताना दिसतो. पंचांगात आपण ‘मंगळ वक्री’ असे वाचतो, तोच हा प्रकार. आशियासारख्या कक्षेतला लघुग्रह तेव्हा दिवसाला साधारण पाव अंश सरकतो. पाव अंश म्हणजे पूर्णचंद्राच्या निम्मा. तासाचा हिशेब केला तर अंशाचा शंभरावा भाग. एवढीशी हालचाल दुर्बिणीत कळते, पण त्यासाठी जवळचा एक तारा धरून, त्याच्यापासून ठिपक्याचे अंतर आणि दिशा सूक्ष्ममापकाने मोजून ठेवावी लागते आणि दोन-तीन तासांनी पुन्हा मोजावी लागते. ठिपका सरकला असेल तर तो सूर्यमालेतला.

युरोपात असा ठिपका सापडला की निरीक्षक दुसऱ्या दिवशी तार करायचा आणि बर्लिन, पॅरिस, व्हिएन्नामध्ये दुसरे लोक त्याच्या मागे लागायचे. मद्रासला ती सोय नव्हती. भारत आणि युरोप यांच्यामध्ये चालू तार १८६१ मध्ये नव्हती. तांबड्या समुद्रातून टाकलेली पहिली केबल निकामी झाली होती. पत्र बोटीने सुएझपर्यंत, तिथून पुढे भूमध्य समुद्रातून इंग्लंडला, यात महिन्याहून जास्त काळ जाई. तेवढ्या काळात प्रतियुती उलटून जाते, लघुग्रह दूर जाऊ लागतो आणि रोज थोडा थोडा फिका होतो. नव्या लघुग्रहाचे पहिले, सर्वांत मोलाचे आठवडे मद्रासच्या माणसांनाच सांभाळायचे होते.

पुढे काळ किती झपाट्याने बदलला, हे पॉगसन यांच्याच आयुष्यात दिसते. नोव्हेंबर १८७२ मध्ये गटिंगेनच्या क्लिंकरफ्युस यांनी त्यांना तार पाठवली: बिएलाचा धूमकेतू पृथ्वीला घासून गेला आहे, नरतुरंगातल्या अमुक ताऱ्याजवळ शोधा. पॉगसन यांनी लगेच शोध घेतला आणि त्या भागात त्यांना एक धूमकेतू दिसलाही. अकरा वर्षांपूर्वी असा निरोप महिनाभर बोटीतच राहिला असता.

कक्षेचे गणित कसे करतात? त्याची वाट गणितज्ञ गाउस यांनी दाखवून ठेवली होती. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोला पियाझी यांनी सेरेस पाहिला, काही आठवडे त्याचा माग ठेवला आणि मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. चोवीस वर्षांच्या गाउसने त्या तुटपुंज्या वेधांवरून कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा सापडला. अडचण अशी की वेधातून आपल्याला फक्त दिशा मिळते, अंतर मिळत नाही. एका दिशेच्या रेषेवर ठिपका कुठेही असू शकतो. पण तीन वेगवेगळ्या दिवसांच्या तीन दिशा असतील, आणि ही वस्तू सूर्याभोवती दीर्घवर्तुळात केप्लरच्या नियमांनी फिरते हे गृहीत धरले, तर त्या तिन्ही दिशांना छेदणारी कक्षा काढता येते. वेधांमधला काळ जितका जास्त तितकी कक्षा पक्की. एका आठवड्याच्या वेधांवरून काढलेली कक्षा पुढच्या महिन्यापुरती चालते. चार वर्षांनंतरची जागा सांगायची तर काही महिन्यांचे वेध हवेत आणि पुढच्या प्रतियुतीला ती वस्तू पुन्हा पकडायला हवी.

हे न जमल्याची उदाहरणे आहेत. १८७३ मध्ये अमेरिकेत वॉटसन यांनी एथ्रा हा १३२ क्रमांकाचा लघुग्रह शोधला, त्याला क्रमांक आणि नाव दोन्ही मिळाले आणि तो हरवला. सापडला तो थेट १९२२ मध्ये. ७१९ क्रमांकाचा आल्बर्ट तर १९११ मध्ये दिसला आणि २००० सालापर्यंत कुणाच्याच हाती लागला नाही. मद्रासचा आशिया मात्र कधीच हरवला नाही. सुरुवातीचे वेध चांगले होते, याचा हा पुरावाच.

आशियाची कक्षा आज आपल्याला अतिशय बारकाईने माहीत आहे. सूर्यापासूनचे त्याचे सरासरी अंतर २.४२ खगोलशास्त्रीय एकक, म्हणजे सूर्य-पृथ्वी सरासरी अंतराच्या २.४२ पट, साधारण ३६ कोटी किलोमीटर. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्याचा हा आतला भाग. कक्षा पृथ्वीच्या कक्षेइतकी वर्तुळाकार नाही. उपसूर्य बिंदूवर तो १.९७ एककांपर्यंत आत येतो, अपसूर्य बिंदूवर २.८७ एककांपर्यंत बाहेर जातो. जवळ असताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर, दूर असताना १६ च्या आसपास. क्रांतिवृत्ताशी कक्षा सहा अंशांनी कललेली आहे. सूर्याभोवती एक फेरी पुरी व्हायला पावणेचार वर्षांहून किंचित जास्त काळ लागतो.

या आकड्यांतून दुर्बिणीत काय दिसते, ते पाहा. पृथ्वी आणि आशिया यांची प्रतियुती साधारण सोळा महिन्यांनी एकदा होते. पण सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. ती उपसूर्याजवळ झाली तर आशिया पृथ्वीपासून एका एककाच्याही आत येतो. अपसूर्याजवळ झाली तर अंतर १.८७ एकक, शिवाय त्याच्यावर पडणारा सूर्यप्रकाशही कमी. दोन्हींचा परिणाम एकत्र धरला तर तेजात जवळजवळ आठ पटींचा फरक पडतो. दहाव्या प्रतीचा आशिया तेव्हा बाराव्या प्रतीला जातो. १८५७ च्या त्या कोष्टकात पॉगसन हेच इतर लघुग्रहांसाठी काढत होते.

कक्षेच्या काळात आणखी एक गंमत आहे. मंगळाचे वर्ष ६८७ दिवसांचे. त्याची दुप्पट १३७४. आशियाचे वर्ष याला जवळजवळ तंतोतंत जुळते: मंगळाच्या दोन फेऱ्या आणि आशियाची एक. मंगळ हलका आहे, त्याची ओढ गुरूसारखी जबरदस्त नाही, पण पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसणारा हलका धक्काही लाखो वर्षांच्या हिशेबात दखल घेण्याजोगा असतो. गुरूच्या ओढीची ताकद पाहायची तर थोडे बाहेर सरका. २.५ एककांवर फिरणाऱ्या वस्तूचे वर्ष गुरूच्या वर्षाच्या बरोबर एक तृतीयांश भरते आणि नेमक्या त्या अंतरावर लघुग्रह जवळजवळ नाहीत. डॅनियल कर्कवूड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही रिकामी जागा १८६६ मध्ये दाखवून दिली, तेव्हा लघुग्रहांची संख्या शंभरावरही गेली नव्हती. एवढ्या थोड्या आकड्यांत त्याला ते दिसले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

इथे एक गैरसमज होतो. कर्कवूडची फट म्हणजे आकाशातला रिकामा रस्ता नव्हे. आशिया आपल्या प्रत्येक फेरीत २.५ एककांचे अंतर दोनदा ओलांडतो, एकदा बाहेर जाताना, एकदा आत येताना. रिकामी आहे ती सरासरी अंतरांची यादी. २.५ सरासरी असलेली कक्षा टिकत नाही, गुरू तिला ओढून ओढून लांबट करतो आणि शेवटी तिथली वस्तू पट्ट्यातून बाहेर फेकली जाते. २.४२ ची कक्षा टिकते.

आता नावाकडे वळू. १८०१ ते १८०७ या काळात सेरेस, पॅलस, जुनो, व्हेस्टा असे चार सापडले आणि पुढे ३८ वर्षे एकही नाही. १८४५ मध्ये कार्ल हेन्के या टपाल खात्यातल्या नोकरदाराने पाचवा शोधला आणि मग रांग लागली. १८६१ या एका वर्षात दहा नव्या लघुग्रहांची भर पडली. प्रत्येकासाठी ग्रहांसारखे चिन्ह काढणे अशक्य झाल्यामुळे क्रमांकाची पद्धत आली. नावे बहुतेक ग्रीक-रोमन देवतांची, आणि तीही स्त्रीलिंगी, असा संकेत होता. पण देवतांच्या आडून देश, राजे आणि राण्या आत शिरू लागल्या होत्या. बारावा व्हिक्टोरिया. नाव रोमन विजयदेवतेचे म्हणून खपवले गेले, तरी ते इंग्लंडच्या राणीसाठी आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी त्यावर हरकत घेतली. ६५ वा तर मार्च १८६१ मध्ये सापडल्यावर बव्हेरियाच्या राजावरून ‘मॅक्सिमिलियाना’ ठरला होता. इतका विरोध झाला की ते नाव बदलून सिबेली करावे लागले.

हा वाद चालू असलेल्या वसंतात ६७ वा आला. ‘आशिया’ हे नाव दोन्ही बाजूंना चालण्याजोगे होते. ग्रीक पुराणात आशिया ही ओशनसची मुलगी, एका परंपरेत आयापेटस या टायटनची पत्नी. हिरोडोटसने खंडाचे नाव प्रॉमिथ्यूसच्या पत्नीवरून आल्याचे ग्रीकांचे म्हणणे नोंदवले आहे, तीही आशियाच. म्हणजे पुराणाचा संकेत पाळला गेला आणि हा लघुग्रह कुठून शोधला गेला तेही नोंदले गेले. ५२ क्रमांकाला तीन वर्षांपूर्वीच युरोपा हे नाव मिळाले होते. त्याच एप्रिलमध्ये मिलानहून स्कियापारेल्ली यांनी ६९ वा शोधला आणि नाव दिले हेस्पेरिया, पश्चिमेची भूमी, ग्रीकांचा इटलीसाठीचा शब्द. इटलीचे राज्य एकत्र होऊन तेव्हा महिना-सव्वा महिना झाला होता. आशिया आणि हेस्पेरिया, पूर्व आणि पश्चिम, यादीत एका क्रमांकाच्या अंतराने आहेत.

पॉगसन यांच्या पहिल्या लघुग्रहाच्या नावातही घरचा धागा आहे. ४२ क्रमांकाच्या आयसिसला नाव दिले ते रॅडक्लिफ वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनी. आयसिस ही इजिप्तची देवी, ऑक्सफर्डपाशी थेम्स नदीलाही आयसिस म्हणतात, आणि पॉगसन यांच्या मुलीचे नाव एलिझाबेथ आयसिस. नाव तिच्यासाठी होते असे मानले जाते. ही मुलगी पुढे मद्रासच्या वेधशाळेत १८७३ पासून वडिलांची साहाय्यक म्हणून काम करू लागली. वेध घेणे, गणिते करणे, सगळे काही. पगार एखाद्या स्वयंपाक्याला किंवा गाडीवानाला मिळे तेवढा. १८८६ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी वडिलांनी तिचे नाव सुचवले. संस्थेच्या सनदेत सदस्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम आहे, म्हणून बाईला घेता येणार नाही, असा कायदेशीर सल्ला मिळाला. ती सदस्य झाली १९२० मध्ये. आकाशात नाव लागल्यानंतर चौसष्ट वर्षांनी.

आणि एक नाव राहून जाता कामा नये: चिंतामणी रघुनाथाचार्य. पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले हे गृहस्थ वेधशाळेत पहिले साहाय्यक होते. १८६७ मध्ये त्यांनी जालक तारकासमूहातला ‘आर’ हा तारा रूपविकारी असल्याचे दाखवले. १८७२ मध्ये ते रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर त्यांनी सामान्य लोकांसाठी देशी भाषांतून पुस्तिका काढली आणि प्रत्यक्ष वेधांवर आधारलेले पंचांग चालवण्यासाठी खटपट केली. १८८० मध्ये ते गेले. मद्रासच्या लघुग्रहांची यादी पॉगसन यांच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे. पण यादीत नाव नसलेल्या माणसांचे कष्ट या वेधशाळेच्या कामात मिसळलेले आहेत, याची जाणीव ठेवून ती वाचायला हवी.

आशियाच्या मागोमाग मद्रासहून १८६४ मध्ये सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा सापडले. यांतल्या दोघांचे पुढचे आयुष्य विलक्षण आहे. डेव्हिड गिल यांनी १८८८-८९ मध्ये सूर्य-पृथ्वी अंतर मोजण्यासाठी आयरिस, व्हिक्टोरिया आणि सॅफो या तीन लघुग्रहांचे वेध घेतले. लघुग्रह ठिपक्यासारखा दिसतो, ही शोधकाची अडचण इथे फायद्याची ठरली, कारण मंगळाच्या चकतीपेक्षा ठिपक्याची जागा अधिक अचूक मोजता येते. गिल यांच्या कामातून सूर्याचा पराशय, म्हणजे हे अंतर ज्यावरून काढतात तो कोन, ८.८० विकला ठरला आणि पुढे अनेक दशके जगभरच्या पंचांगांत तोच आकडा राहिला. दुसरा सिल्व्हिया. २००१ मध्ये त्याचा एक उपग्रह सापडला, २००४ च्या वेधांत दुसरा. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच माहीत झालेला लघुग्रह. पुराणातल्या सिल्व्हियाचे जुळे मुलगे म्हणून त्यांची नावे रोम्युलस आणि रेमस.

आशियाच्या वाट्याला असे नाट्य आले नाही. साठेक किलोमीटर व्यासाचा, मुंबई-पुणे सरळ अंतराच्या निम्म्याएवढा, सिलिकेट खडकांचा हा गोळा. स्वतःभोवती एक फेरी सुमारे सोळा तासांत.

व्हेरानंतर भारतातून लघुग्रहाचा शोध लागायला शंभराहून जास्त वर्षे गेली. पॉगसन १८९१ मध्ये मद्रासलाच वारले. १८९९ मध्ये खगोलशास्त्राचे काम कोडाईकॅनॉलला हलले आणि तिथे भर सूर्याच्या अभ्यासावर होता. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतल्याच कावलूर इथल्या श्मिट दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रातून आर. राजमोहन यांना नवा लघुग्रह मिळाला. त्याला आधी तात्पुरती खूण मिळाली: १९८८ डीक्यू१. ही खूण वाचता येते. वर्षाचे चोवीस अर्धमास करून प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिलेले असते, त्यांत ‘डी’ म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. पुढचे अक्षर त्या अर्धमासातला अनुक्रम सांगते. ‘आय’ वगळून पंचवीस अक्षरे संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात करून शेवटी १ लावतात. ‘क्यू’ सोळावे, म्हणजे ‘क्यू१’ हा त्या पंधरवड्यातला एकेचाळिसावा. कक्षा पक्की झाल्यावर त्याला ४१३० हा कायमचा क्रमांक मिळाला आणि मग नाव: रामानुजन.

आजही क्रम हाच. आधी खूण, मग अनेक प्रतियुतींचे वेध, मग क्रमांक, आणि क्रमांकानंतरच नाव. नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा, दहा वर्षांपर्यंत. रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत बसावे, राजकीय किंवा लष्करी व्यक्तीचे असेल तर तिच्या मृत्यूला शंभर वर्षे झालेली असावीत, आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या समितीची संमती मिळावी. क्रमांक मिळालेले लघुग्रह आता आठ लाखांच्या वर आहेत, नावे असलेले पंचवीस हजारांच्या आसपास.

हल्ली आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतली मुले हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांतून सरकणारे ठिपके शोधतात. असा ठिपका मिळाला की ‘विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ असा मथळा येतो. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. त्यांना त्याच दिवशी हेही सांगावे की त्यांचा ठिपका प्राथमिक यादीत गेला आहे, पुढच्या काही वर्षांत कुठल्या ना कुठल्या दुर्बिणीने तो पुन्हा पकडावा लागेल, आणि क्रमांक येईपर्यंत त्यांनी आपली तात्पुरती खूण जपून ठेवून दर प्रतियुतीला ती तपासत राहावी.